उजेड आहे, बस नाही

जूनमध्ये फिनलंडच्या सरोवरांच्या मुलखात सूर्य पहाटे साडेतीनच्या आगेमागे उगवतो आणि रात्री पावणेअकराच्या सुमारास मावळतो. मावळतो म्हणायचे, काळोख असा पडतच नाही. एकोणीस तासांहून मोठा दिवस हाताशी आहे म्हटल्यावर सहल आखणाऱ्याची हाव वाढते. सकाळी किल्ला, दुपारी चर्च, मग डोंगरधार, मग बोटीतून फेरी. एवढे करूनही संध्याकाळचे चार-पाच तास उरतातच, तर तिथे एखादे संग्रहालय. एस्पोला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने पाठवलेला तक्ता साधारण याच चालीचा होता. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटे, प्रत्येक रकान्याला रंग. "मावशी, एवढ्या लांबून येतेस, काही राहून जायला नको," अशी खाली पुस्ती.

तक्ता नीट वाचला तेव्हा त्यात दोन वेगवेगळे दिवस एकमेकांत कालवलेले दिसले. एक दिवस सूर्याचा, एकोणीस तासांचा. दुसरा गावाचा. तिथल्या खानावळीत दुपारचे जेवण साधारण अकराला सुरू होते आणि दोनच्या सुमारास भांडी उचलली जातात. लहान गावातला कॅफे चार-पाचला खुर्च्या उलट्या करतो. संग्रहालये, देवळे-रावळे म्हणा, चर्च म्हणा, संध्याकाळ व्हायच्या आत दार लावून घेतात. गावाचा दिवस जेमतेम सहा-सात तासांचा निघतो. बाकीचे बारा तास नुसता उजेड.

आता बेत कोणत्या दिवसाचा आखायचा?

आमचे गाव ठरले होते केरिमॅकी. पूर्व फिनलंडमध्ये सावोनलिन्ना शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर, पुरुवेसी सरोवराच्या काठी. 2013 पर्यंत तिथे स्वतंत्र नगरपालिका होती. त्या वर्षी शेजारच्या पुंकाहार्यूबरोबर केरिमॅकीही सावोनलिन्नात विलीन झाले. हेलसिंकीहून निघालात तर योएन्सूकडे जाणाऱ्या गाडीने पारिक्कालापर्यंत यायचे, तिथे छोटी रेल्वेबस पकडून सावोनलिन्ना. सगळे मिळून चार तासांहून जास्त जातात. त्यामुळे राजधानीतून सकाळी निघून रात्री परत, हा विचार पहिल्यांदा काढून टाकावा आणि आदल्या रात्री सावोनलिन्नाला मुक्काम करावा. तोही शक्यतो जुलैत नको. ओलाविनलिन्ना या 1475 मध्ये बांधायला घेतलेल्या किल्ल्यात तेव्हा ऑपेरा महोत्सव असतो. आइनो आक्ते या गायिकेने 1912 मध्ये तो सुरू केला, मध्ये तो खंडत राहिला आणि 1967 पासून दरवर्षी होऊ लागला. त्या आठवड्यांत गावात खोली मिळणे कठीण, आणि मिळाली तर भाव ऐकून ऑपेरा नकोसा होतो.

या मुलखाचा नकाशा पहिल्यांदा पाहणाऱ्याला फसवतो. फिनलंडमध्ये पाचशे चौरस मीटरहून मोठी अशी 1,87,888 सरोवरे मोजली गेली आहेत, हा आकडा तिथे शाळकरी पोरालाही पाठ असतो. पण सरोवर म्हणजे गोल, काठ असलेले, या टोकावरून त्या टोकापर्यंत दिसणारे पाणी, ही आपली कल्पना इथे चालत नाही. सायमा हे नाव नकाशावर एकच लिहिलेले असते; प्रत्यक्षात ती एकमेकांत शिरलेल्या पाण्यांची गुंतवळ आहे. बेटे तेरा हजारांहून जास्त, किनारा हजारो किलोमीटरचा. पुरुवेसी याच गुंतवळीतला एक पदर. समोर हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या झाडांपर्यंत गाडीने जायला अर्धा तास लागू शकतो, कारण रस्ता पाण्याला विचारून वळतो. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. सार्वजनिक रस्ता पाण्याशी येऊन थांबला तर कित्येक ठिकाणी पिवळी फेरीबोट उभी असते. ती रस्त्याचाच भाग मानली जाते, म्हणून तिला तिकीट नाही. तक्त्यात मात्र तिच्यासाठी वेळ धरावा लागतो, आणि तो वेळ आपल्या हातात नसतो.

पण सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो बसने. ग्रामीण फिनलंडमधल्या बसच्या वेळापत्रकात कित्येक फेऱ्यांपुढे बारीक खूण असते: फक्त शाळेच्या दिवशी. शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत सुटतात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास भरतात. म्हणजे आपल्यासारखा पाहुणा ज्या दहाएक आठवड्यांत तिकडे जातो, नेमके तेच आठवडे बसचेही सुट्टीचे. पहिल्यांदा राग येतो. एवढा समृद्ध देश, एवढे गुळगुळीत रस्ते, दहा वाजेपर्यंत लख्ख ऊन, आणि बस नाही! मग कारण कळते. शाळेपासून पाच किलोमीटरहून लांब राहणाऱ्या मुलाला नेण्या-आणण्याची जबाबदारी तिथे कायद्याने नगरपालिकेवर आहे. जंगलाच्या पोटातल्या चार घरांवरून बस वळसा घालून जाते ती त्या घरातल्या सातवीतल्या पोरीसाठी. तिच्या वेळेला ती येते, तिच्या सुट्टीला ती झोपते. उन्हाळ्यात चर्च बघायला आलेली बाई त्या हिशेबात कुठेच नाही, आणि नसावीच. मला हे फार आवडले. पर्यटकांच्या सोयीने चालणारी गावे मी पाहिली आहेत. तिथे पर्यटकाला सगळे मिळते, पोरांना बस मिळत नाही.

केरिमॅकीला जायचे कारण एकच, तिथले चर्च. जगातले सगळ्यात मोठे लाकडी चर्च म्हणून ते ओळखले जाते. 1844 ते 1847 या काळात बांधलेले. लांबी 45 मीटर, रुंदी 42 मीटर, उंची 37 मीटर. बाकांवर तीन हजारांहून जास्त माणसे बसतात, उभी धरली तर पाच हजार. सगळे बाक एकापुढे एक ठेवले तर दीड किलोमीटरच्या पलीकडे जातील. आणि हे सगळे एका खेड्यात, जिथे रस्त्यावर एका वेळी दहा माणसे दिसली तर आज काय आहे असे विचारावेसे वाटते.

एवढ्या मोठ्या इमारतीला दंतकथा चिकटणारच. सगळ्यात लाडकी अशी की आराखडा काढणाऱ्याने मापे सेंटिमीटरमध्ये लिहिली, सुतारांनी ती इंच समजून वाचली, आणि साधेसे गावचे चर्च अडीच पट फुगले. ऐकताना हसू येते. पण जरा थांबून पाहिले की गोष्ट कोसळते. मेट्रिक मापे फिनलंडमध्ये कायद्याने आली ती 1880 च्या दशकात, चर्च उभे राहून चाळीसेक वर्षे झाल्यावर. तेव्हाच्या सुतारासमोर सेंटिमीटर ठेवला असता तर त्याने तो काय म्हणून ओळखला असता कोण जाणे. शिवाय सुतार काही आंधळे नसतात. पाया आखताना, ओंडक्यांचे ढीग रचताना, आपण नेहमीपेक्षा कितीतरी मोठे काहीतरी बांधतो आहोत हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळले असणार.

खरी हकिकत दंतकथेपेक्षा सरस आहे. आराखडा ए. एफ. ग्रानस्टेट याचा, आणि आकार हवा होता तो तिथले पाद्री फ्रेडरिक नैग्लिक यांना. त्यांचा हिशेब असा सांगतात की या धर्मग्रामाची निम्मी वस्ती एका वेळी चर्चमध्ये मावली पाहिजे. धर्मग्राम म्हणजे एक गाव नव्हे. पाण्यापलीकडची, बेटांवरची, जंगलात विखुरलेली सगळी वस्ती त्यात आली. माणसे लांबलांबच्या वाड्यांतून यायची, उन्हाळ्यात मोठ्या वल्ह्यांच्या होड्यांतून. या होड्यांना तिकडे चर्चच्या होड्याच म्हणतात; अनेक घरांनी मिळून एक बाळगायची आणि वल्ही सगळ्यांनी मारायची. सुलकावा गावी दर जुलैत या होड्यांच्या शर्यती होतात, 1968 पासून. पण मूळ प्रवास शर्यतीचा नव्हता. रविवारचा सगळा दिवस त्यात जायचा, आणि त्यापेक्षा वेगळे काही त्या दिवसात बसवायचा प्रश्न नव्हता.

निम्मी वस्ती. या मोजमापाशी मी बराच वेळ अडकले. सगळी का नाही? एवढे मोठे बांधायचे धाडस केले तर आणखी थोडे मोठे करायला काय हरकत होती? माझा आपला तर्क असा, की पाद्रीबुवांना गाव ठाऊक होते. रविवार असला म्हणून गाईंची धार काढायची थांबत नाही. घरात तान्हे मूल असते, अंथरुणाला खिळलेली म्हातारी असते, कुणीतरी चूल सांभाळायला लागते. होडीतही सगळे मावत नाहीत. निम्मे आले की निम्मे घरी राहणार, पुढच्या रविवारी कदाचित पाळी उलटेल. चर्च मोजताना त्यांनी न येणारी माणसेही मोजली. एवढी भव्य इमारत, आणि तिच्या मापात घरी राहिलेल्या बाईसाठी जागा धरलेली आहे, ही गोष्ट मला मापे चुकल्याच्या विनोदापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

तरी लोकांना विनोदच आवडतो. गरजेपेक्षा मोठे काही दिसले की कुणीतरी आकडेमोडीत घोळ घातला असणार, असे मानणे सोपे जाते. जाणूनबुजून कुणी एवढे मोठे मागितले असेल यावर विश्वास ठेवणे अवघड. अर्थात पाद्रीबुवांच्या हिशेबातून एक गोष्ट निसटलीच, ती थंडी. एवढे घनफळ लाकडाच्या शेगड्यांनी तापत नाही. पुढे 1953 मध्ये शेजारी छोटे हिवाळी चर्च बांधले गेले, आणि मोठे चर्च उन्हाळ्यापुरते उरले. डिसेंबरात तिथला दिवस पाच तासांच्या थोडाच वर असतो. आपण जूनमध्ये जाऊन चर्चच्या रिकाम्या बाकांवर हळहळतो, तेव्हा हे लक्षात असलेले बरे.

तर या निम्म्याच्या मापाने मी भाचीचा तक्ता पुन्हा वाचायला घेतला. निम्मे घरी ठेवायचे. पहिल्यांदा गेला किल्ला. ओलाविनलिन्ना वाईट आहे म्हणून नव्हे, तो मुक्कामाच्या शहरातच आहे आणि त्याला त्याची वेगळी सकाळ द्यायला हवी. मग गेले लुस्तो, म्हणजे 1994 मध्ये उघडलेले फिनलंडचे वनसंग्रहालय. जंगलात उभे राहून जंगलाचे संग्रहालय पाहायला पावसाचा दिवस शोभतो. पाऊस आला तर ते परत घ्यायचे, असे मी समासात लिहून ठेवले.

पुंकाहार्यूची धार राहिली. ती सोडवेना. हिमयुगाच्या शेवटी वितळत्या बर्फाच्या पाण्याने वाळू-गोट्यांची एक अरुंद भिंत मागे टाकली, सातेक किलोमीटर लांबीची. एका बाजूला पुरुवेसी, दुसऱ्या बाजूला पिहलायावेसी. काही ठिकाणी ती इतकी निमुळती होते की जुना रस्ता आणि दोन्हीकडची पाइनची झाडे एवढेच मावते, आणि चालणाऱ्याला डावीकडेही पाणी दिसते, उजवीकडेही. 1803 मध्ये झार अलेक्झांडर पहिला इथे आला होता. तेव्हा उरलेला बहुतेक फिनलंड स्वीडनकडे होता, पण हा कोपरा 1743 पासून रशियाचा. इथली झाडे तोडू नका असे त्याने सांगितले म्हणतात. निदान 1840 च्या दशकात या धारेला सरकारी संरक्षण मिळाले, आणि 1845 मध्ये तिथे बांधलेल्या वनाधिकाऱ्याच्या घरातच पुढे हॉटेल आले. झारांच्या हुकमावर एखादे झाड किती वर्षे तगते याचा हिशेब कुणी ठेवला असेल तर तो पाहायला मला आवडेल. रेल्वेबस या धारेच्या अंगानेच जाते, तेव्हा ज्याला पायी चालायला वेळ नाही त्याने निदान खिडकीची जागा तरी धरावी. झोपू नये.

जेवणाचे म्हणाल तर एक मासा ठरलेला: मुइक्कू. बोटभर लांबीचा, चंदेरी. राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत काट्यासकट खातात. पुरुवेसीचे पाणी अतिशय नितळ, आणि तिथल्या मुइक्कूचे काटे मऊ असतात अशी ख्याती. 2013 मध्ये त्याला युरोपियन युनियनचे भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळ्यात बशीत आलेला मासा पाहताना त्याचा हिवाळा डोळ्यांपुढे येत नाही. गोठलेल्या सरोवरावर बर्फाला भोके पाडून, बर्फाखालून लांबच लांब ओढजाळे सरकवत नेऊन तो पकडतात. ही माणसे पाच तासांच्या मंद उजेडातही आपला दिवस पुरा करतात. दोनला खानावळ बंद झाली म्हणून कुरकुरणाऱ्याला हे ऐकवावे. शाकाहाऱ्यांसाठी राईच्या पातळ पारीत तांदळाची खीर भरून भाजलेली कारेलियन पेस्ट्री आहे, वर अंड्याचे लोणी नको म्हणून सांगायचे. सावोनलिन्नाच्या बाजारचौकात लोर्त्सी नावाची अर्धचंद्राकृती तळलेली घडी मिळते. सफरचंदाची घ्यावी, मांसाचीही असते, तेव्हा विचारून.

"हे झालं चारपर्यंत," भाची फोनवर म्हणाली. "पुढे?"

पुढचा वेळ रिकामा ठेवू म्हटले तर तिला ते पैसे वाया घालवण्यासारखे वाटले. पण चारनंतर गावाचे असे काय बंद होते? फक्त तिकीट असलेल्या गोष्टी. सरोवर बंद होत नाही. गावचा पोहण्याचा काठ असतो, कपडे बदलायला लाकडी खोली, पाण्यात उतरायला लाकडी धक्का, आणि त्याला पैसे पडत नाहीत. जंगलही बंद होत नाही. कुणाच्या अंगणात शिरायचे नाही, झाडाला हात लावायचा नाही, एवढे पाळले तर जमीन कुणाची का असेना, तिथून चालावे, रानातली बेरी तोडून खावी, हा तिथे प्रत्येकाचा हक्क आहे, परक्याचाही. निळ्या बेऱ्या जुलैच्या उत्तरार्धात पिकतात. जूनमध्ये मिळतात ते डास. तेही मुबलक.

राहता राहिली गाडी. बस नाही म्हटल्यावर ती भाड्याने घ्यावीच लागणार, आणि चालवणार भाची. भरगच्च तक्त्याचा एक धोका तिला मी मुद्दाम सांगितला. फिनलंडमध्ये वेगमर्यादा बरीच ओलांडली तर दंड माणसाच्या मिळकतीच्या हिशेबाने बसतो. आयटीतल्या पगारावर तो कसा बसेल याचा अंदाज तिने मनातल्या मनात केला असावा, कारण त्यानंतर बोटीची फेरी तिने स्वतःहूनच खोडली. शिवाय रस्त्यावर एल्कची भीती असते, ती विशेषतः सांजसकाळी, आणि तिथे उन्हाळ्यातली सांज तासन्‌तास लांबते.

तारखेवर थोडा वाद झाला. तिला युहान्नुसचा शनिवार हवा होता, उन्हाळ्यातला मध्यसण. 1955 पासून तो 20 ते 26 जूनच्या मधल्या शनिवारी येतो. काठाकाठाने होळ्या पेटतात, झेंडे रात्रभर उतरवत नाहीत, फोटो सुंदर येतात. पण सण खरा शुक्रवारी दुपारपासून सुरू होतो, तेव्हापासून दुकाने मिटत जातात, बसचे नाव काढायचे नाही, आणि गावातली माणसे गावात राहतच नाहीत. आपापल्या सरोवरकाठच्या लाकडी घरांत जाऊन बसतात. फिनलंडमध्ये अशी पाच लाखांच्या वर घरे आहेत. त्या दोन दिवसांत केरिमॅकीत बघण्यासारखे एकच उरते, बंद दारे. म्हणून आम्ही आधीच्या आठवड्यातला मंगळवार धरला. युहान्नुसला तिकडे जायचे तर कुणीतरी बोलवायला हवे. भाचीच्या ऑफिसातल्या एका बाईंनी म्हणे तसे अर्धवट म्हणून ठेवले आहे. त्यांनी खरेच बोलावले तर जाताना कॉफीचा एक पुडा न्यायचा, तिकडची ती रीत आहे. कधी येऊ, किती वेळ लागेल, हे त्यांनाही सांगता येणार नाही. सौना तापली की हाक मारतील.